फक्त या वेळी

टॉर्चनं विचारलं, तुमचे संपर्क पाहू का?
मी म्हणलं, तुला कशाला गं माझी माणसं,
उजेड पाड की तेवढा.
शिवकन्या लई हसली.

धारूर घाटाखालच्या या वाडीत
आठ वर्षं झाली, मी आशा.
आधी वही होती, निळ्या पुठ्ठ्याची,
पिठाच्या डब्यामागं ठेवायचे.
आता सगळं फोनात:
कुणाची तारीख चुकली, कुणाला रक्त कमी,
कुणाची पिशवी तिशीच्या आत काढली,
कुणी घरी न सांगता तांबी बसवली.
नावं इथं सांगणार नाही.

वही माझी होती. फोन घराचा.
मालक त्यावर कुस्त्या बघायचे,
दिराचं पोरगं गाड्या पळवायचं,
कुलूप म्हणजे बोटानं काढलेला ल,
शेळीलासुद्धा पाठ झाला असता.
एकदा भर जेवणात, बंद पडद्यावरच
उमटलं एकीचं,
ताई, दोन महिने झाले, आली नाही.
पोरगं मोठ्यानं वाचायलं.
सगळ्यांचा घास तोंडाशी, मी पाणी प्याले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
मुकादम ओट्यावर येऊन बसला.
चहा झाला. म्हणाला, वहिनी,
सोळा कोयत्यांना उचल द्यायचीय.
पोटुशी कोण कोण, तेवढं सांगा,
मधूनच माघारी येत्यात, टोळी मोडती.
मी म्हणलं, मला काय माहीत.
तो मालकाकडं बघून हसला.
मालकानं फोनकडं बघितलं.
फोन भिंतीला, चार्जिंगला,
दावणीला बांधल्यासारखा.

त्या रात्री उशाखाली गरम लागायला तो,
जशा सगळ्या बाया एकदम कुजबुजायल्यात.

सकाळी लेकीला म्हणलं, शिकव.
आधी बोटाचा ठसा. सात वेळा टेकवला.
फोन म्हणतोय, पुन्हा प्रयत्न करा.
कापसाच्या बोंडांनी रेघा कवाच खाल्ल्या,
रेशनच्या मशीनलाही माझं बोट पटत नाही.
मग सहा आकडे.
मग बंद पडद्यावरचे निरोप झाकले.
मग गॅलरीत आपोआप उतरणारे फोटो.
मग एकेक ॲप धरलं.
पंचांगाला माझा माईक हवा होता.
गाड्यांच्या खेळाला हवं होतं
मी कुणाच्या दारात किती वेळ बसते ते.
खाली तीन वाटा लिहिलेल्या,
ॲप वापरताना. फक्त या वेळी. परवानगी देऊ नका.
मी थोडा वेळ बघतच बसले.
लग्नाआधी, ऑपरेशनच्या टेबलावर,
कुणी अशा तीन वाटा दाखवल्या आम्हाला?

शेवटी व्हॉट्सॲप.
लेकीनं कुठंतरी दाबलं अन् गप्प झाली.
जोडलेलं एक यंत्र. विंडोज.
शेवटचं चालू, काल रात्री दहा बेचाळीस.
विंडोज म्हणजे खिडकी, ती म्हणली.
आठवलं मग.
मे महिन्यात, केजला, झेरॉक्सच्या दुकानात,
फॉर्म काढायचे होते, लाइट जायच्या आत.
कोड मीच दाखवला होता. माझ्याच हातानं.
चार महिने खिडकी उघडी.
कोण वाकून गेलं, काय काय बघितलं,
ते त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं.
बंद केली.
नंतर दारोदार गेले, एकेकीला सांगून आले.
एकीनं दार लावून घेतलं.
तिचं बरोबर होतं.

आकडा म्हणजे एका बाळाचं वजन अन् जन्मवेळ,
असं शिवकन्येला सांगितलंय.
तेही खरं नाही.

रात्री मालकानं ल काढला.
पुन्हा काढला, जरा दाबून.
बल्बखाली धरून काच पुसली.
मग माझ्याकडं न बघता म्हणले,
कुस्ती लावून दे.
लावून दिली.
शेजारी बसले, फोन माझ्याच हातात धरून.
दोघं पैलवान किती वेळ
नुसते एकमेकांची मनगटं धरून होते.