सात नंबरची ब्युरेट

सात नंबरची ब्युरेट गळते.
मिनिटाला एक थेंब, फार नाही.
घाईत असाल तर कळणारही नाही.
पहिल्या दिवशी बन्सीलालनं ती माझ्यापुढे स्टँडला लावली
आणि म्हणाला, "बिटिया, इसका हिसाब तुम लगा लेना."
स्वागत समारंभ म्हणतात तो एवढाच झाला.

ग्वाल्हेर. एम.एस्सी. रसायन, पूर्वार्ध.
बेचाळीस मुलं, अठ्ठावीस स्टुलं.
उशिरा येणाऱ्यानं खिडकीच्या कट्ट्यावर बसायचं;
कट्ट्यावरून किल्ला दिसतो,
म्हणून काही जण मुद्दाम उशिरा येतात.

रामलखन कुशवाह अंबाहहून निघतो पहाटे पाचला,
डब्यात चार पराठे, त्यातला एक कंडक्टरचा.
नुसरत हजीऱ्याची. रात्री बारापर्यंत फॉल-पिको,
तिच्या एप्रनच्या खिशात खडू आणि बॉबिन.
मी लष्करातली. सकाळी सात पोरांची शिकवणी उरकून
टेम्पोत चौथ्या सीटवर पाचवी.

पुस्तक इंग्रजीत, शिकवणं हिंदीत,
आणि थेंब मी मोजते मराठीत.
सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस
ओठांतल्या ओठांत.
रामलखनला आधी वाटलं, ही जप करते.
दिवाळीपर्यंत तोही मोजायला लागला,
फक्त प्रत्येक 'एकोण'पाशी त्याची जीभ अडते
आणि तेवढ्यात फ्लास्कमधला फिका गुलाबी
गडद होऊन बसतो.
पुन्हा पहिल्यापासून.

शिष्यवृत्तीच्या यादीत माझं आडनाव फुटलं.
खानवलकरचं झालं: खान, मग जागा, मग वलकर.
तीन नंबरच्या खिडकीतला बाबू चश्मा वर करून म्हणाला,
"आप खान हैं कि वलकर?"
मी म्हटलं, दोन्ही. म्हणजे एकच.
तो माणूस वाईट नव्हता.
"खान रख लो," म्हणाला, "उस खिड़की पे लाइन छोटी है."
नुसरत तिथंच हसत खाली बसली.
अकरा दिवस मी तिची बहीण होते.
बाबांना हे कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत;
कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडून शपथपत्र करून आणलं,
त्यात वलकरमधला 'ल' राहिला होता.

कुलश्रेष्ठ मॅडम अतिथी विद्वान आहेत.
हे पदाचं नाव आहे, कौतुक नव्हे.
अकरा वर्षं अतिथी.
पैसे दिवसावर; सुट्टी आली की पाहुणचार बंद.
मार्चमध्ये सिल्व्हर नायट्रेट संपलं,
मागणीपत्र कुठल्याशा टेबलावर झोपलं,
तेव्हा त्यांनी पर्समधून एक पुडी काढली,
काळ्या कागदात, दागिन्यासारखी.
"जपून," एवढंच म्हणाल्या.
दोन बोटं काळी होती त्यांची. आठवडाभर.

मे महिना. प्रात्यक्षिक परीक्षा.
परीक्षक जबलपूरचे, उन्हानं वैतागलेले,
नळाला पाणी नाही, वीज सकाळीच गेलेली.
चिठ्ठ्या उचलल्या. मला सात.
बन्सीलाल छताकडे बघत राहिला.

मी केलं. आकडा मांडला.
खाली लिहिलं: सहा मिनिटं, सहा थेंब,
वजा शून्य पूर्णांक तीन.
परीक्षकांनी पेन त्या ओळीवर ठेवलं.
"ये क्या है?"
सर, ही गळते.
"किसने कहा?"
कुणी सांगायचं? दोन वर्षं हीच तर—

त्यांनी तोटी बंद केली, हातानं दाबून पाहिली,
मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं.
"देखते हैं."

पंखे बंद. बेचाळीस जण गप्प.
नुसरतनं हातातली परीक्षानळी आडवी धरलेली तशीच.
कुलश्रेष्ठ मॅडम दारात, बोटं पदरात.
ब्युरेटच्या टोकाशी काहीच नाही,
मग काहीतरी, मग
थोडं फुगीर, पण सुटत नाही,
आणि मागच्या कट्ट्यावरून रामलखनचा आवाज,
अगदी हळू, एकदाही न अडता,
सत्तावन्न, अठ्ठावन्न,
एकोणसाठ