लिंबाची नोंदवही

पाटबंधारे खात्यातून निवृत्त होताना
गायधनी बाईंनी सगळं परत केलं,
एक स्टॉपवॉच सोडून.

रोज सव्वासहाला
पिशवीतून लिंबू काढतात, पात्रात टाकतात
आणि काठाकाठाने त्याच्यासोबत चालतात.
उन्हाळ्यात लिंबू दहाला एक. तरीही.

घाटावरची भाजीवाली विचारते,
कुणाची दृष्ट काढताय हो रोज रोज?
बाई पाण्याकडे बोट करतात,
हिची.

आनंदवल्लीला तीस मीटर, एक्केचाळीस सेकंद.
मार्चमध्ये त्याच तीस मीटरला सव्वातीन मिनिटं,
मध्ये पाणवेलीत अडकलं, काठीने सोडवलं, ते वजा.
रामकुंडात मात्र लिंबू
टाकलं तिथेच बसून राहतं
पाहुण्यासारखं.
खाली सिमेंट, बाजूला सिमेंट.
अरुणा इथे येऊन मिळते, असं म्हणत
संकल्प सांगणारे गुरुजी जिकडे हात करतात
तिकडे दुचाक्या लावलेल्या असतात.

सुनावणीत समोरचे वकील म्हणाले,
लिंबू हा पुरावा कसा?
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
साहेब म्हणाले, नदी वाहतेच की,
आवर्तन सुटलं की वाहते.
बाई उठल्या, चष्मा पुसला.
आवर्तन कालव्याला असतं, साहेब.
नदीला नसतं.
एवढं लिहून घ्या.
लिहिणाऱ्याने साहेबांकडे पाहिलं.
पुढची तारीख पडली.

मग आणखी एक तारीख, आणखी एक,
आणि एका मे महिन्यात, नमुन्यादाखल,
कुंड उपसून तळाला पाच भोकं पाडली
मनगटाएवढी.
सिमेंटचे दंडगोल नंबर घालून ट्रकमधून गेले.
चार भोकं कोरडी.
पाचव्यातूनही काही उसळलं बिसळलं नाही,
फक्त त्याच्या तोंडाशी
वाळूचे कण जागा बदलत होते.

धरणाची दारं बंद.
तिसऱ्या दिवशी कुंडात घोटाभर पाणी.
बाई पायऱ्या उतरल्या, साडी खोचली,
लिंबू ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

त्या दिवसाची नोंद
मी स्वतः वाचली आहे, निळ्या शाईत,
अक्षर जरा हललेलं:

वैशाख वद्य षष्ठी.
अंतर: दीड वीत.
वेळ: घड्याळ लावायचं राहिलं.
दिशा: दक्षिण.