द्वारका

मंडळाला पंच्याहत्तर वर्षं होणार
म्हणून यंदा आठ मार्चला संगीत खुर्ची नको, असं ठरलं.
पाककृती स्पर्धाही नको. दोघी रुसल्या.
पोहे-जिलबी मात्र राहिली, इंदूर आहे शेवटी.
भिंतभर फलक लावू, हेमांगी म्हणाली,
आपल्या बायकांनी काय काय केलं त्याचे.
अक्षर बरं म्हणून काम माझ्याकडे आलं
आणि जेल रोडच्या कपाटातली एकोणीस रजिस्टरं.

रजिस्टरांत बायका नव्हत्या.
सौ. शं. ना. होत्या, सौ. द. वि. होत्या,
श्रीमती तीन, आणि एक नुसतीच 'डॉक्टरांची'.
शिवणवर्ग चालवला: सौ. शं. ना.
पुरात खान नदीकाठी भाकरी पोचवल्या:
सौ. द. वि. व इतर.
'इतर' मी इतक्यांदा उतरवलं
की ते कुणाचं तरी माहेरचं आडनाव वाटायला लागलं.

त्रेसष्ट साल, पान चाळीस.
मिलच्या फाटकाशी बायकांची रात्रशाळा, सौ. वा. गो. दिघे.
खर्च: कंदील दोन, पाट्या बारा, खडू.
पुढे तीन वर्षं नुसता खडू.
मग काहीच नाही.

फोन केले. पुण्यात नातू सापडला, भला माणूस.
आजोबा वामन गोविंद, वकील,
फेट्यातला फोटो आहे, पाठवतो म्हणाला.
आणि आजी?
आजीला आम्ही आजीच म्हणायचो हो.
लक्ष्मी असावं बहुतेक, सासरचं.
म्हणजे ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं.
आधीचं नाव कोण विचारतो,
आणि ते तांदूळसुद्धा
दुसऱ्या दिवशी डब्यातच जातात परत.

फलकावर मी वीतभर जागा सोडली.

धापूबाई आल्या त्या नातसुनेच्या स्कूटीवरून,
सत्त्याहत्तरीच्या, पदर दातात धरून.
कुणी बोलावलं, अजून कळलं नाही.
चौदाव्या वर्षी बॉबिन खात्यात लागलेल्या,
भोंगा बंद पडेपर्यंत तिथंच.
हेमांगीनं माइक दिला, तो त्यांनी उलटा धरला.
मालवी, हिंदी, मराठी, जे हाती येईल त्यात बोलल्या:

बाई कंदील घेऊन यायच्या.
साऱ्या जगाला कमळ, बदक,
आम्हाला पहिल्याच दिवशी जोडाक्षर.
द-ला व चिकटवा, पुढे काना.
बोटांना सुताची सवय, खडू मोडायचा.
महिनाभर पाटीवर एकच, द्वारका.
मला वाटलं धामाचं नाव, देवापासून सुरुवात असेल.
एकदा विचारलं, बाई, द्वारकेला जाऊन आलात का?
तर पाटी पुसायला लागल्या.
म्हणाल्या, सतरा वर्षं तिथंच राहत होते गं.
लग्न झालं, मग जाणं नाही झालं.

धापूबाईंचं पुढे चालूच होतं,
पगाराचा दिवस, मुन्शीनं पुढे केलेली शाई,
अंगठा मागे घेऊन केलेली पहिली सही,
आणि मुन्शी कसा चष्मा काढून बघत राहिला.
पहिल्या रांगेतल्या दिवेकर काकू
तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या.
कुणीतरी मागे जिलबीच्या कागदाचा आवाज केला
आणि लगेच थांबवला.

मी मार्कर उचलला.
सोडलेल्या जागेत लिहिलं, जमेल तेवढं सुबक.
धापूबाई जवळ आल्या, नाक भिंतीला टेकेल इतक्या,
आणि माझ्या अक्षराला नापास केलं.
असा नव्हता बाईंचा. व बारीक,
द-च्या कुशीत निजवायचा.
मार्कर घेतला. हात थरथरत होता,
तरी उभी रेघ सरळ आली.

आधी सौ. लावायचं का गं? हेमांगीनं हळूच विचारलं.

माझं अक्षर मी खोडलं.
खाली जे राहिलं
ते बासष्ट वर्षं एका मजुरणीच्या बोटांत होतं.
पोहे गार झाले, ते झालेच.