फिरवू नकोस

येरको, फिरवू नकोस ते.
मला ठाऊक आहे स्क्रीनवर कसं दिसतंय.
आधी दाराची फट बुजव त्या जुन्या शर्टाने,
एल आल्तोचा वारा शाई वाळायच्या आत कागद पळवतो.
मग ये. स्टूल ओढ. बस.

हा पुठ्ठा बघ.
दोन वर्षं मिनीबसच्या काचेला टेकून उभा होता,
कडा उन्हाने पिवळ्या, कोपऱ्यात तळणाचा डाग.
सेहा. क्रूसे व्हिया आदेला. सेंकाता.
मार्करने लिहिलंय. 'सेहा'चं पहिलंच अक्षर चुकलंय,
आणि शेवटच्या नावाला जागा पुरली नाही
म्हणून ते काठावरून खाली घसरत गेलंय,
चालत्या गाडीच्या दारात पाय सोडून बसल्यासारखं.

फोनवर फोटो काढला. गिंपमध्ये डाग पुसला,
पुठ्ठ्याचा तपकिरी रंग खरवडत गेले
राखाडी चौकटी दिसेपर्यंत.
त्या छापल्या जात नाहीत, घाबरू नकोस.
त्यांचा अर्थ एवढाच, की इथे काही नाही.
(नेटवरून उतरवलेल्या एका चित्रात त्या खऱ्याच निघाल्या,
अख्खी फुटबॉल टीम चौकटी घालून खेळली.)

मग इंकस्केप. ट्रेस केलं तर
सव्वीस अक्षरांचे अकराशे बिंदू.
'सोपं करा' अशी एक आज्ञा आहे त्यात.
एकदा दिली, रेघ शहाणी झाली.
दुसऱ्यांदा दिली, शाळेच्या फळ्यावरची झाली.
तिसऱ्यांदा दिली आणि
ते कुणाचंच अक्षर राहिलं नाही.
मागे आले. एक, दोन, तीन पावलं.
खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा तिचा हात हलला,
तो गचका सेंकाताच्या 'क'मध्ये आहे अजून.
असू दे.

फुकटचं ते पौष्टिक, असं तुझी आई हसते या प्रोग्रामला.
आहेच फुकट. पण कुणीतरी, कुठेतरी,
दिवसाची नोकरी उरकून रात्री
हे मागे यायचं बटण बसवलंय
आणि माझ्याकडे दमडी मागितली नाही.
नाव शोधायला गेले एकदा. यादी इतकी लांब
की कोकाचा चहा गार झाला.

आता छपाई. एच दाब, अक्षरं आरशात जाऊ देत.
ते हवंच, कागदावरचं डावं कापडावर उजवं होतं.
शर्ट पांढराच घे, पॉलिस्टरचा,
सुती कापड ही शाई धरत नाही.
पण कागद ठेवताना डोकं खाली.
हो. गळ्याकडे सेंकाता, पोटाकडे सेहा.

चूक नाही रे. देल्फिन चोकेंनी तसंच मागितलंय.
मी म्हटलं, लोकांना उलटं दिसेल.
म्हणाले, लोकांना गाडीवर पाटी आहे.
सिग्नलला थांबलो की मान खाली जाते माझी,
तेव्हा मला वाचता आलं पाहिजे.
पोरगी आता थांबे ओरडत नाही. साओ पावलोला आहे,
एका तळघरात, शिलाई मशीनवर.
दिवसाला किती गळे शिवले ते फोनवर सांगते,
बाकी काही सांगत नाही.

एकशे नव्वद अंश. पन्नास सेकंद.
इथे पाणी सत्त्याऐंशीलाच उकळतं,
प्रेसला मात्र उंची कळत नाही.
झाकण दाबून धर, डावीकडे सैल आहे ते.

आणि गळ्याच्या आतला तो टॅग,
'ब्राझीलमध्ये शिवलेला',
मी कात्री घेतली होती हातात.
मोजत राहा तू.
एकतीस. बत्तीस.