उठबस

पारोळ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलचा दिवा दिसला
की आम्ही सगळ्या उभ्या राहायचो.
दिवा गेला की बसायचो.
पाहुण्यांची उठबस घरात,
ही गोदरीत,
सव्वीस वर्षं.

दिवा कुणाचा, ते आवाजावरून कळायचं.
डेअरीचा टेम्पो. कंपाउंडर.
एकदा माझा धाकटा दीर निघाला.
त्यानं मान वळवली नाही
आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाही,
चूक त्याची की माझी, हे न ठरवता.

पऱ्हाटी उभी असेपर्यंत आडोसा.
उपटली की शिवार उघडं, आम्हीही.
संध्याकाळी कळण्याची भाकरी अर्धीच मोडायची,
पाणी दोन घोट.
पहाटे चार, रात्री आठ.
मधला सगळा दिवस
पोटाचा नव्हता.

संडास आला होता एकदा, आधी.
पिवळी भिंत, दारावर आकडा,
दारात मी, पदर नीट करून, फोटोपुरती.
मग आत गोवऱ्या रचल्या.
दोन हंड्यांसाठी विहिरीवर तासभर उभं राहणारी बाई
त्यातला एक तिथं ओतेल कशी?

मग केवळबाईनं त्याच विहिरीचं पाणी
तपासायच्या बाटलीत भरून कपाटात ठेवलं.
दुसऱ्या दिवशी काळं.
तव्याच्या बुडासारखं काळं.
ती बाटली तिनं घरोघर नेली, काही न बोलता,
हळदीकुंकवाला नेतात तशी.
सुपडूआबा म्हणाले,
"हाईच पानी पिसन आम्ही म्हातारा व्हयनूत."
केवळबाई म्हणाली,
"आनि ज्या नई व्हयनात, त्या?"
आबांची थोरली अडीच वर्षांची होती.
गावाला माहीत होतं.
आबांनी बाटली हातात घेतली,
उन्हात धरली,
आणि बराच वेळ परत दिली नाही.

हिलाल गवंडी म्हणाला, काळ्या मातीत पाणी मुरत नाही वहिनी,
पावसाळ्यात ती फुगते, भिंत ढकलते.
मुरूम लागेपर्यंत खणू.
सात फुटांवर लागला.
दोन खड्डे, जाळीच्या विटा, भोवती बोरीची वाळू,
विहिरीपासून लांब, पावलं मोजून.
दार कुठं, त्यानं विचारलं.
मला घरात कुणी दार विचारलं नव्हतं कधी.
रस्त्याकडे नको. सासऱ्यांच्या खाटेकडे नको.
उरला निंब.
दार निंबाकडे.

नळ आधी खोकला.
मग गढूळ. मग पाणी.
तिसऱ्या दिवसापासून आम्ही त्यावर भांडायलाही लागलो,
म्हणजे ते खरंच आलं होतं.

एका दुपारी मिरच्या वाळत घालताना
पोटात कळ आली.
मी सवयीनं सूर्याकडे बघितलं.
अजून पाच तास.
मग आठवलं.
हातातल्या मिरच्या तशाच टाकून गेले,
भर उन्हात, दोन वाजता,
कुणालाही सोबत न बोलावता.
आत निंबाची सावली फटीतून पायावर पडली होती.
रस्त्यावरून मोटारसायकल गेली
आणि मी उभी राहिले.
बंद दाराआड.
कडी बघितली. लागली होती.
बसले.

एवढं खरं, की गोदरीत आम्ही बोलायचो.
बेबाच्या नवऱ्याचं मला तिथंच कळलं,
माझ्या गाठीचं आधी त्यांनाच.
घराघरात कड्या लागल्या, आणि महिनाभर
कुणाचं काही कळेना.
मग बेबाच एकदा अंधार पडता आली,
हातात डबडं नाही. म्हणाली, चाल.

आता रोज जातो, मोरीच्या कठड्यापर्यंत,
रिकाम्या हातांनी.
दिवा येतो. अंगावरून जातो.
कुणी उठत नाही.
बेबा तेवढी अजून
पाय जवळ ओढून घेते.