पाजवणं

रैनूमामाच्या सुरीचं पातं ट्रकच्या पाट्याचं,
मूठ तेंदूच्या काळ्या गाभ्याची,
मुठीत तीन पितळी खिळे.
त्यातला एक काडतुसाचा असावा,
पण ते तो सांगत नसे.

शिकार बंद झाली तेव्हा मी जन्मले नव्हते.
सुरी मात्र दर बाजाराच्या आदल्या दिवशी
वाशाच्या खाचेतून खाली यायची.
"पोरी, इले पाजवाचं हाय. पानी आन."
मला वाटायचं,
लोखंडालाही तहान लागते.

कानस क्वचितच. खांडा पडला असेल तरच.
"कानस हावरट हाय बाप्पा, खातच सुटते."
मग कुरुंदाचा तुकडा.
मग चुलबंदच्या पात्रातला निळसर गोटा,
मधोमध इतका झिजलेला
की दोन ओंजळी पाण्यात चिमणी न्हाईल.
मग फुटक्या बरणीचं बूड,
लोणच्याचा वास न सोडलेलं,
त्याचं खरखरीत कडं.
शेवटी घाटमाळेचा जुना चामडी पट्टा,
राख आणि टोरीचं तेल चोपडलेला.
त्यावर सुरी उलटी ओढायची,
पाठ पुढे, धार मागे.
पुढे ढकललीस की पट्टा गेला.
(एक पट्टा माझ्यामुळे गेला.)

आठवीत होते. कंपासपेटी उघडून विचारलं,
"मामा, कोन?"
"मीच. दुसरा कोन रायते इथं?"
हसून झाल्यावर
त्यानं पात्याच्या पाठीखाली
रुपयाची दोन नाणी सारली.
"एवढीच उचल. रोज एवढीच.
हात इसरला तं नाणे इचार."

एका बाजूनं घासत गेलं
की दुसऱ्या बाजूला लव उगवते.
डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला लागते,
मिसरूड फुटल्यासारखी.
ती काढल्याशिवाय धार खोटी.
मग नखावर टेकवायची:
घसरली तर कच्ची,
रुतून बसली तर झाली.
आणि ऐकायचं.
खर्रर्र जाऊन सर्र येतं
तिथे दाबणं सोडायचं.
हे मला शिकायला चार वर्षं लागली.
अजूनही दाबते कधी कधी, राग असला की.

मागच्या दिवाळीनंतर
रात्री अकराला सुकलाल मारबते दारात,
हातात बॅटरी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे.
बोडीतल्या जाळ्यात अजगर.
वनरक्षक फोनवर म्हणाला, सकाळी येतो.
सकाळपर्यंत नायलॉन कातडीत उतरलं असतं.

मामानं आपले हात पुढे धरले,
कंदिलाखाली दोन्ही थरथरताना दाखवले,
आणि सुरी माझ्याकडे दिली.
"बोथट नेशीन तं दाबशीन.
दाबशीन तं चिरशीन त्याले."
मी तिथेच उंबऱ्यावर पाजवली.
घाईत, पण नाणी ठेवून.

गाठी मोजल्या नाहीत. पुष्कळ होत्या.
सुरीचं नुसतं वजन ठेवायचं,
दोरा आपणहून सुटायचा.
माझ्या मनगटाखाली
तो जाडजूड देह सावकाश सरकत होता,
झोपेत कोणी कूस बदलावी तसा.
सुकलाल शेपटीकडे बसून
बाराशेच्या जाळ्याचा हिशेब शिव्यांत करत होता
आणि शेपटी सोडत नव्हता.
शेवटचा पीळ तुटला.
अजगरानं आमच्याकडे बघितलंही नाही.
बेशरमाच्या झाडीत
त्याची लांबी बराच वेळ जात राहिली.

परतले तर मामा जागा.
काय झालं, विचारलं नाही.
सुरी घेतली, लुगड्याच्या चिंधीनं पुसली,
धारेवरून नख नेलं
मुठीपासून टोकाकडे, डोळे मिटून.
टोकाच्या दोन बोटं अलीकडे नख थांबलं.
"इथं अटकते."
"जाळ्याची शिशाची गोळी असेल."
"शिसं नरम रायते. गोटा असन."
पुन्हा तिथेच नख.
कोंबडा आरवायला तासभर होता.
"पानी आन," तो म्हणाला.