तांबडं

फियोरेंझा जोर्दानेंगो बावीस वर्षं
दुसऱ्यांच्या पेशी वाचते.
नावं तिच्यापर्यंत येत नाहीत.
नळीवर आकडा, सत्तेचाळीस,
कूनेओच्या इस्पितळातून कोरड्या बर्फात आलेला,
सोबत बिलाचा पत्ता.
मोहरीएवढा तुकडा. कुणाच्या तरी यकृतातली गाठ.

काचेची पट्टी दोन बोटं रुंद,
तिच्यावर खसखशीहून बारीक चव्वेचाळीस हजार ठिपके,
प्रत्येक ठिपका एकाच जनुकाच्या वाटेकडे डोळे लावून.
गाठीला लाल रंग द्यायचा, निरोगी पेशींना हिरवा,
आणि दोन्ही एकाच काचेवर सोडून
पासष्ट अंशांच्या भट्टीत रात्रभर फिरवायचे.
ज्याचं त्याला सापडतं.
दोघं सारखंच बोलले, तर ठिपका पिवळा.

जुलै. तोरिनो तापलेलं.
दुपारी तीनला तिनं काच धुतली, वाळवली,
यंत्रात सरकवली.
हिरवं. नुसतं हिरवं,
साचल्या पाण्यावरच्या शेवाळासारखं.

गाठ इतकी गप्प बसत नसते.

नवा मुलगा एलिया म्हणाला, पाठवून देऊ,
त्यांनी पैसे निकालाचे दिलेत, आपल्या शंकेचे नाहीत.
खिडकी त्यानंच उघडली होती, उकडतं म्हणून.
गाड्यांच्या धुरातून उन्हानं शिजवलेला ओझोन
आत आला होता
आणि लाल तेवढा खाऊन गेला होता.
हिरव्याला त्यानं फारसा हात लावला नाही.

नळीत थोडं उरलं होतं. एकदा पुरेल एवढं.

पुन्हा रात्रभर भट्टी.
पहाटे चारला ती सायकलवर आली, ट्राम सुरू व्हायच्या आधी,
खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली
(बिलात याला रकाना नाही)
आणि काच वाळेपर्यंत
श्वाससुद्धा बेतानं घेतला.

पडद्यावर ओळीमागून ओळ उतरू लागली.
काळं. हिरवं. पिवळं. काळं.
मग वरच्या कोपऱ्यात एक लाल.
त्याच्याखाली दोन.
मग तिनं मोजणं सोडलं.

"आलं!" ती रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली,
आणि ओशाळली.
हे लाल म्हणजे कुणाची तरी गाठ,
जागी, कामाला लागलेली,
आणि तो माणूस, किंवा ती बाई,
कूनेओत अजून झोपलेली असेल.

तिनं लिहिलं: सत्तेचाळीस, वाचता येतंय.
काचेपलीकडे मोनव्हिसोच्या टोकावर
तांबडं फुटलं होतं.
खिडकी मात्र तिनं उघडली नाही.